मंग कामटी लावा!

अंपायरकडे किस्से आपोआप जमा होतात, त्याला शोधत फिरावं लागत नाही. दिवसभर उन्हात उभं राहायचं, दोन्ही गावांच्या शिव्या खायच्या, आणि घरी जाऊन बायकोला सांगायला तोंड उघडलं की ती म्हणते, "आधी पाय धुवा." मग सांगायचं कोणाला? म्हणून आम्ही तिघं अंपायर मॅच संपली की अमडापूरच्या फाट्यावर चहाला थांबतो आणि एकमेकांना सांगतो. तेच तेच सांगतो, तरी दर वेळी चहा थंड होतो!

तिघं म्हणजे एक मी, भास्कर. माझं अमडापुरात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझं डोकं लवकर तापतं हे तुम्हाला पुढे कळेलच. दुसरा सिद्धार्थ. चिखलीच्या कॉलेजात खेळ शिकवतो, नागपूरला जाऊन अंपायरिंगची परीक्षा पास झालाय, आणि कायद्याचं पुस्तक वाचलेला आमच्यात तो एकटाच. तिसरे नामदेवभाऊ. साठी ओलांडलेले, पिठाची गिरणी आहे, बोलणं फार कमी. त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी. त्या पिशवीत कामटी.

आता कामटी सांगायची तर आधी फेकी सांगायला पाहिजे. हात फिरवून टाकला तर बॉलिंग, चिंचेला दगड मारतात तसा भिरकावला तर फेकी, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोट्ट्यालाही कळतं. कायद्यात ते किचकट आहे. कोपर वाकलेला असला तर चालतो, पण बॉल सुटताना तो पंधरा डिग्रीच्या वर सरळ झाला की नो-बॉल. मोठ्या क्रिकेटमध्ये संशय आला की बॉलरला लॅबमध्ये पाठवतात, हाताला ठिपके चिकटवतात, चहूबाजूंनी कॅमेरे लावतात. सोयाबीन काढलेल्या वावरात मॅट अंथरून खेळणारे आम्ही, आमच्याकडे कुठली आली लॅब!

आमच्याकडे कामटी. बांबूची चपटी पट्टी, हातभर लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ज्या बॉलरवर समोरच्या टीमचा आक्षेप येईल त्याच्या हाताला मागच्या बाजूने, दंडापासून मनगटापर्यंत, ती फडक्याने बांधायची आणि त्याने एक ओव्हर टाकायची. कोपर वाकला की कामटी मोडणार. मोडली तर फेकी, साबूत राहिली तर क्लीन. आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या टुर्नामेंट कमिट्या हे मानतात. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. नामदेवभाऊंना ती मेहकरकडच्या एका म्हाताऱ्या अंपायरने दिली. तो म्हातारा हाडवैद्य होता, आठवडाभर हाडं बसवायचा आणि रविवारी अंपायरिंग करायचा. त्याला कोणी दिली, ते त्याने सांगितलं नाही.

आणि गंमत म्हणजे ती कामटी कधीच मोडली नव्हती. मोडायची वेळच यायची नाही!

*

अमडापूरलाच एकदा एक पोट्टा भन्नाट स्पीडने टाकत होता. समोरच्या कॅप्टनने आरडाओरडा केला, "फेकून राह्यला बे हा! कामटी लावा!" नामदेवभाऊ शांतपणे सीमेवर गेले, पिशवी घेऊन आले आणि बंदाला हात घातला.

पोट्टा तिथल्या तिथे पांढरा पडला. "नका काढू भाऊ, पिशवीतून काढू नका! मी फेकतो. लहानपनापासून फेकतो!"

नामदेवभाऊंनी बंदाची एक गाठ सोडली.

"आन तुमच्या वावरातल्या मोटरचं केबल बी मीच नेलं होतं!"

नामदेवभाऊंनी गाठ परत मारली. "केबल उद्या आनून दे," म्हणाले, आणि मला नो-बॉलची खूण करायला सांगितली. केबल चोरीला गेलंय हे त्यांना त्या क्षणापर्यंत माहीतच नव्हतं!

आम्ही फाट्यावर पोट धरून हसलो. पुढच्या आठवड्यात तो पोट्टा माझ्या दुकानी आला तेव्हा मी त्याला छेडलं, "काऊन बे, येवढ्याशा बांबूले भेला?" तो हसला नाही. म्हणाला, "भास्करभाऊ, पिशवीतून आवाज आला. आपन बोटं मोडतो ना, तसा."

मी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला.

*

जानेफळचा गजानन, आम्ही त्याला गजा म्हणतो. वय बावीस-तेवीस, दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. लहानपणी लिंबाच्या झाडावरून पडला, उजव्या कोपराचं हाड वेडंवाकडं बसलं, तेव्हापासून तो हात सरळ होतच नाही. अर्धवट वाकलेला, बस. जेवताना वाकलेला, झोपताना वाकलेला, बॉल टाकतानाही तेवढाच वाकलेला.

आणि काय बॉल टाकायचा हो! बॅट्समनला बॉल हातातून निघाल्याचं दिसायचंच नाही. खांद्याच्या मागून कुठून तरी यायचा, टप्पा पडून आत घुसायचा. नेटमध्ये मी स्वतः त्याच्यासमोर उभा राहिलोय. पहिला बॉल पायावर बसला, दुसऱ्याला मी बॅट टाकून दिली.

गजाची एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, खऱ्या मॅचमध्ये त्याने ओव्हर टाकावी आणि कोणी त्याला फेकी म्हणू नये. पण तो रनअपवर आला की समोरची टीम ओरडायची. सिद्धार्थ पुस्तक उघडून समजावायचा, "अरे, याचा हात वाकडा आहे, तो सरळ होतच नाही! सरळ झाला तरच नो-बॉल असते. हा तर आपल्या सगळ्यांपेक्षा क्लीन आहे!"

समोरचा कॅप्टन सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बराबर हाये सर. मंग कामटी लावा!"

आणि कामटी त्या हातावर बसणार कशी? मधे कोपराला टेकायची आणि दोन्ही टोकं हवेत. नामदेवभाऊ दोनदा प्रयत्न करून थांबले. कमिटीने फैसला दिला: कामटी बसत नाही तोवर बॉलिंग नाही. सगळ्यात क्लीन बॉलर थर्डमॅनला उभा! मला असा संताप आला की मी कमिटीच्या अध्यक्षाला मांडवातच सुनावलं. तो म्हणाला, "भास्करभाऊ, कायदा तुमच्या पुस्तकातला, ग्राउंड आमचं."

 गजा डाव्या हाताने उजवा कोपर चोळत सीमेकडे निघून गेला. त्याला चोळायची सवयच लागली होती.

*

सिद्धार्थ हट्टाला पेटला. म्हणाला, "मी याची लॅब इथेच करतो." देऊळघाटच्या ग्राउंडवर एका दुपारी गजाला घेऊन आला; मी आणि नामदेवभाऊही होतो. सोबत बायकोच्या टिकल्यांचं पाकीट! गजाच्या खांद्याला, कोपराला, मनगटाला लाल टिकल्या चिकटवल्या आणि मोबाईल स्लो-मोशनवर लावला.

देऊळघाटच्या पोट्ट्यांना आयतंच मिळालं. "नवरी आली बे, नवरी! मेंदी कोठी हाये?" गजा लाजला, पण बॉल टाकले. एकापेक्षा एक.

व्हिडिओ आम्ही दोघांनी बाभळीखाली बसून पाहिला. एकेक चित्र थांबवून. टिकल्या सांगत होत्या, हात जेवढा वाकडा तेवढाच राहतोय, एक रेषभर सरळ होत नाही. शंभर टक्के क्लीन! सिद्धार्थने माझ्या पाठीवर थाप मारली. "आता बोलू द्या कोनाले बोलायचं ते. हे कमिटीच्या मोबाईलवर धाडतो."

मग त्याने सुरुवातीपासून पुन्हा लावला आणि त्याचा अंगठा थांबला.

गजाच्या मागे, लांब, दुसऱ्या एका बाभळीच्या फांदीला नामदेवभाऊंची पिशवी अडकवलेली होती. नामदेवभाऊ स्वतः पाणी प्यायला टाकीवर गेले होते, झाडाजवळ कोणी नव्हतं. वारा नव्हता, फांदीवरचं पानही हलत नव्हतं. पण गजाच्या हातातून बॉल सुटला की ती पिशवी आतून ताणली जायची. हळूच लांब व्हायची, मग ढिली पडायची. पुढचा बॉल, पुन्हा तेच. आत काहीतरी सरळ होत होतं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, "ऊन लय हाये आज." तो म्हणाला, "हाव."

दोन दिवसांनी फाट्यावर गजा आला आणि मोठ्या आशेने विचारू लागला, "सर, धाडला का तो व्हिडिओ?" सिद्धार्थने चहाच्या ग्लासात पाहत सांगितलं की डिलीट झाला. मी तापलो. गजा गेल्यावर विचारलं, "काऊन डिलीट केला बे? पोराचं काम झालं असतं!"

"मेमरी फुल झाली होती."

"मंग परत शूटिंग कर!"

हा माणूस पौर्णिमा-अमावस्या मानत नाही, आमच्या प्रत्येक समजुतीला पुरावा मागतो. तो म्हणाला, "भास्करभाऊ, तुमी करा. माह्यानं होत नाई."

मी काही केलं नाही. मलाही भीती वाटत होती, उगाच कशाला खोटं बोलू!

*

गोष्ट हळूहळू ग्राउंडबाहेर गेली. लोकांनी कामटीला देव करायचंच बाकी ठेवलं. एक म्हातारा मॅच चालू असताना थेट पिचवर आला. म्हणे धाकट्या भावाने बांध सरकवलाय, त्याच्या हाताला कामटी लावा आणि त्याला वावरातलं ढेकूळ फेकायला सांगा, खरं-खोटं कळेल! एक बाई सुनेला घेऊन आली. सून रडत होती. का आणली, ते मी विचारलंसुद्धा नाही, दोघींना रिक्षात बसवून परत पाठवलं. एका पोट्ट्याने तर बारावीला कॉपी केली नाही हे बापाला पटवायला कामटी मागितली. नामदेवभाऊंनी पिशवीला हात लावताच तो म्हणाला, "राहू द्या भाऊ, बाप तसाही मारनारच हाये!"

हसू आलं, पण डोकंही फिरलं. आपण अंपायर की भगत? त्या दिवशी मॅच संपल्यावर मी नामदेवभाऊंना म्हणालो, "आना इकडं ते. मोडून टाकतो, किस्सा खतम!"

त्यांनी नाही म्हटलं नाही. स्वतः बंद सोडून कामटी माझ्या हातात दिली. हलकी होती, थोडी गरम. पिशवी दिवसभर उन्हात होती, असेल गरम. मी दोन्ही टोकं धरली, गुडघा लावला आणि जोर केला. ती वाकली. अजून वाकली. उसाच्या पात्यासारखी वाकत गेली. मी आणखी जोर केला आणि कट् आवाज आला.

माझ्या कोपरात!

दुखलं नाही, तेच वाईट होतं. नुसता आतून एक सांधा सरकल्यासारखा वाटला आणि परत जागेवर बसला. कामटी माझ्या हातात सरळ होती.

"मोडली का?" सिद्धार्थने विचारलं.

"बांबू चांगला हाये," मी म्हणालो आणि ती नामदेवभाऊंना परत दिली. ते माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मग मला कळलं की हा प्रयोग त्यांनी माझ्याआधी केलेला आहे.

*

पुढचा किस्सा आम्ही फाट्यावर सांगत नाही. आज सांगतो, कारण त्याशिवाय शेवटचा समजणार नाही.

चिखलीकडच्या एका गावात सेमीफायनल होती. बाहेरून आणलेला एक बॉलर होता, तगडा, तोंडाळ. आक्षेप आला तर हसायला लागला. "लावा ना! दोन लावा!" इतकी वर्षं आम्ही ज्याची वाट पाहत नव्हतो तो बॉलर हाच. कामटीला न भिणारा.

नामदेवभाऊंनी बांधली. तो धावत आला. मी स्क्वेअर लेगला होतो, मला स्पष्ट दिसलं. त्याने मुद्दाम, आम्हाला चिडवायला, कोपर मागे खेचून सरळ दगडासारखा फेकला. कट्! आख्ख्या ग्राउंडला ऐकू आलं. पब्लिक उठून ओरडलं, "मोडली! मोडली!"

आम्ही धावलो. तो बसला होता, तोंड उघडं, आवाज फुटत नव्हता. नामदेवभाऊंनी गुडघ्यावर बसून फडकं सोडलं.

कामटी साबूत होती. हात मोडला होता.

डॉक्टरांनी सिद्धार्थला समजावलं, असं होऊ शकतं, जोरात फेकताना दंडाचं हाड पिळा बसून मोडतं, मोठ्या खेळाडूंचंही मोडलंय. सिद्धार्थने ते आम्हाला समजावलं. आम्ही माना डोलावल्या. नामदेवभाऊ मात्र चहा न पिता उठले. "आता बास," म्हणाले. "पिशवी गिरनीत टांगून ठेवतो. कोनाले बांधत नाई."

आणि नेमकं त्याच वर्षी जानेफळच्या फायनलला जिल्ह्याच्या टीमसाठी पोरं निवडायला दोन माणसं येणार असल्याचं कळलं.

*

फायनलच्या दिवशी गजा सकाळीच नामदेवभाऊंच्या गिरणीवर जाऊन बसला. दळण घ्यायला आलेल्या बायका निघून गेल्या, तरी हा पायरीवरच. शेवटी नामदेवभाऊंनी मला फोन केला, "ये बाप्पा, या पोट्ट्याले समजव."

मी गेलो. म्हणालो, "गजा, त्या बॉलरचं काय झालं ते ऐकलं ना तू?"

"त्यानं फेकला होता भाऊ. मी फेकत नाई."

"अरे पन तुह्या हातावर ते बसतच नाई!"

"ओलं फडकं घट्ट बांधा. बसते." मग तो पायरीवरून उठला. "जन्मभर मले फेकी म्हनलं लोकायनं. शाळेत फेकी, ग्राउंडवर फेकी, सोयरीक पाहाले गेलो त पोरीचा भाऊ म्हने, हा तो फेकी ना? एक ओव्हर द्या मले. मंग हात ठेवा नाईतर तोडा!"

 नामदेवभाऊंनी खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली. मी थांबवायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. मलाही त्याची ओव्हर पाहायची होती हो! ज्या बॉलने मी बॅट टाकली तो बॉल त्या दोन माणसांनी पाहावा असं मला मनापासून वाटत होतं.

फायनल भर दुपारची. पब्लिक ट्रॉल्यांवर, भिंतीवर, लिंबाच्या फांद्यांवर. निवडणारे दोघं मांडवात खुर्च्यांवर. गजाला बॉल मिळाला, समोरच्या कॅप्टनने हात वर केला आणि माईकवाल्याने पब्लिकला सांगून टाकलं, "मंग कामटी लावा!" आख्खं ग्राउंड हसलं.

नामदेवभाऊंनी फडकं पाण्यात बुडवून पिळलं. गजाने हात पुढे केला. मी जवळच उभा होतो. कामटी कोपराला टेकली, दोन्ही टोकं नेहमीसारखी हवेत. नामदेवभाऊंनी दंडाकडून फडकं गुंडाळायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा. गजाने दात आवळले होते, पण ओरडला नाही. मनगटावर गाठ बसली तेव्हा कुठेही फट दिसत नव्हती.

"दुखते का रे?" नामदेवभाऊंनी विचारलं.

"नाई भाऊ. गार लागते."

मी स्क्वेअर लेगला गेलो. पहिला बॉल. गजा धावत आला, हात वरून फिरला, बॉल पडला. क्लीन. पब्लिक शांत झालं. दुसरा बॉल, क्लीन. माझं सगळं लक्ष कोपरावर, अंपायर आणखी कुठे पाहणार! तिसऱ्या बॉलला लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. चौथ्याला मी पहिल्यांदा बॅट्समनकडे पाहिलं.

तो आरामात मारत होता. पुढे पाय टाकायचा आणि चौकार. बॉल सरळ येत होता, हळू येत होता, दिसत होता. कुठलाही बॉलर टाकतो तसा बॉल. मी परत गजाकडे पाहिलं आणि मग माझ्या डोक्यात शिरलं की मी काय पाहतोय. हात वर जात होता तो वेळूच्या काठीसारखा सरळ. खांद्यापासून मनगटापर्यंत.

ओव्हर संपली. नामदेवभाऊंनी फडकं सोडलं, कामटी काढून वर धरली. साबूत! ट्रॉल्यांवरून शिट्ट्या, माईकवर, "क्लीन! जानेफळचा गजानन क्लीन!" समोरचा कॅप्टन स्वतः आला आणि गजाला मिठी मारली. "माफ कर भावा. आता कोनी काही म्हनलं त मले सांग."

मांडवातले दोघं चहा पीत होते. त्यांनी गजाकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

गजा हाताकडे पाहत उभा होता. कामटी निघाली होती, फडकं निघालं होतं, आणि हात खाली सरळ लोंबत होता. त्याने वाकवून पाहिला, वाकला. सोडला की परत सरळ. डाव्यासारखाच. सिद्धार्थ धावत आला, कोपर दाबून पाहिला, उघड-मीट करून पाहिला. "असं होऊच शकत नाई," म्हणाला. मग पुन्हा तेच म्हणाला. नामदेवभाऊंनी पिशवीचा बंद बांधला आणि कोणाशी न बोलता गिरणीच्या वाटेला लागले.

मी गजाला मोटरसायकलवर बसवून घरी सोडायला निघालो. रस्ताभर तो एकच वाक्य बोलला, "भाऊ, क्लीन म्हनले ना सगळे?"

"हाव रे. सगळे म्हनले."

त्याचं घर गावाच्या कडेला आहे. घरी तो आणि त्याची माय, दोघंच. दिवस मावळायला आला होता, पण उजेड चांगला होता. माय अंगणात सुपात तूर पाखडत होती. आमची गाडी थांबलेली तिने पाहिली, मला ओळखलं, डोक्यावरचा पदर नीट केला. "या भाऊ. च्या मांडू का?"

गजा उतरला आणि अंगणात गेला. "माय, मी क्लीन निघालो!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. सूप खाली ठेवलं.

"कोन पाह्यजे, बाबू?"

"माय? मी. गजा."

"गजा ग्राउंडवर गेला हाये," ती म्हणाली. चांगलं बोलली, परक्या पोराशी बोलतात तसं. "फायनल हाये त्याची. येईलच आता. तू कोनाचा?"

मला वाटलं थट्टा करतेय. मी हसलोसुद्धा. "मावशी, हा गजाच हाये, चष्मा लावा!" तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की माझं हसू तिथेच मेलं. तिला चष्मा नव्हताच.

"भाऊ, माह्या पोराले मी अर्ध्या कोसावरून ओळखतो. त्याचा हात वाकडा हाये. याचा त सरळ हाये."

गजा दोन पावलं पुढे गेला. ती तेवढीच मागे, उंबऱ्यापर्यंत. मग त्याने उजवा हात उचलला आणि कोपरातून वाकवून धरला, अर्धवट, इतकी वर्षं होता तसा. हात परत सरळ व्हायला पाहत होता, आणि गजा डाव्या हाताने दाबून तो तसाच धरून होता.

"हे पाह्य ना माय. असाच होता ना? असाच ना?"

तिने पाहिलं. खूप वेळ पाहिलं, डोळ्यांची पापणी न हलवता, कोपराकडे. मग माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार होती.

"भाऊ, तुमी त अंपायर ना? सांगा ना याले. हा खोटा वाकवून राह्यला."